लाल मुठीची पक्कड

माझ्या दुकानात कुणी काहीही मागितलं की मी आधी एकच प्रश्न विचारते, "कशासाठी?" विळा मागा, सब्बल मागा, पावशेर खिळे मागा, उत्तर मिळाल्याशिवाय माल काउंटरवर येत नाही. धानोऱ्याच्या बाजारात मला माझ्यामागे ठाणेदारीणबाई म्हणतात. तोंडावर अजून कुणी म्हटलेलं नाही.

ही सवय वडिलांची. ते माजरीला खाणीच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं देण्याच्या खिडकीवर बसायचे. त्यांच्या मागे मोठा लाकडी फळा होता. फळ्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगाने काढलेला आणि त्या आकारावर ते हत्यार टांगलेलं. कामगाराने आपला पितळी बिल्ला द्यायचा, काम सांगायचं, मग वडील हत्यार काढून देणार आणि रिकाम्या आकारावर बिल्ला अडकवणार. पाळी संपताना फळ्याकडे नुसतं बघितलं की काय कुणाकडे राहिलं ते कळायचं. बावीसच्या नटाला चोवीसचा पाना चिंधी भरून लावणारा माणूस त्यांना चोरापेक्षा वाईट वाटायचा. चोर निदान हत्यार ओळखून नेतो, असं ते म्हणायचे.

लग्न होऊन धानोऱ्याला आले, नवरा शाळेत मास्तर, आणि घराच्या पुढच्या खोलीत मी शेतीच्या हत्यारांचं दुकान टाकलं. वडिलांसारखा फळा करून घेतला. पुढे दुकानाला जोडून कुंपणाची कामं घेऊ लागले. आमच्याकडे जंगल शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असतं. धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या की रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत बांधीच्या बांधी, अख्खी खाचरं, लोळवून जातात. त्यामुळे कुंपणाला गिऱ्हाइकाची कमी नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आम्ही जे कुंपण लावतो त्याला इथे झटका मशीन म्हणतात. सौर पाटी, बॅटरी आणि एक पेटी. पेटीतून तारेत थांबून थांबून झटका जातो. जवळ उभं राहिलं तर ऐकू येतं, टक, टक, टक. दोन टकांच्या मधे तार मेलेली असते, म्हणून जनावर दचकून मागे सरतं आणि जिवंत राहतं. दुसरा प्रकार बेकायदेशीर आहे आणि स्वस्त आहे. विजेच्या खांबावरच्या तारेवर आकडा टाकायचा आणि ती वीज सरळ उघड्या तारेत सोडायची. त्यात टक नसतं. ती धरते आणि सोडत नाही. डुकराला मारायला लावलेली तार वाघाला ओळखत नाही, गाईला ओळखत नाही आणि गवताचा भारा घेऊन येणाऱ्या बाईलाही ओळखत नाही. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही जिल्ह्यांत दर हंगामाला अशी कुठली ना कुठली बातमी कानावर येते.

म्हणून धान पिकायच्या दिवसांत माझं "कशासाठी" जरा कडक होतं.

कुंपणाच्या कामाला हत्यारं फार लागत नाहीत, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. खड्ड्याला सब्बल, म्हणजे पहार. तार ताणायला दाते असलेलं कसायचं यंत्र. पकडीने ओढली तर तारेवरची जस्ताची साल निघते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. कापायला कातरपक्कड. वीज असण्याची शंका असेल तिथे मुठीवर जाड लाल आवरण असलेली वायरमनची पक्कड. झटका तपासायला त्याचा वेगळा टेस्टर. आमच्याकडचे काही शहाणे हिरव्या गवताची लांब काडी तारेला लावून झटका तपासतात. झटका असेल तर काडीतून बोटाला मुंगी चावल्यासारखं होतं. काडी हळूहळू पुढे सरकवायची, मुंगी मोठी होत जाते. खेळ गमतीचा आहे, पण समोरची तार झटक्याचीच आहे हे आधी माहीत असलं पाहिजे. मी माझ्या माणसांना काडी लावू देत नाही.

या सगळ्यांत काही वर्षांपूर्वी नवा पाहुणा आला. नागपूरहून एक विक्रेता आला आणि त्याने काउंटरवर हाताएवढी चकचकीत वस्तू ठेवली. उघडली की पक्कड, आत चाकू, करवत, पेचकस, कानस, डबा उघडायचं पातं.

"मॅडम, एका हत्यारात चौदा कामं."

"मी बारा मोजली."

"हे धरून चौदा," म्हणत त्याने बाटलीचं झाकण काढायचा आकडा आणि पट्ट्याला अडकवायची कडी दाखवली.

"चौदा कामं येतात म्हणणारा गडी माझ्याकडे आला असता तर मी त्याला ठेवला नसता."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मी ते उघडून बघितलं. बिजागरीत फट होती. आमच्या बांधीतला चिकण गाळ एकदा तिथे बसून वाळला की चौदाही कामं एकदम बंद. आणि मूठ सगळी उघड्या लोखंडाची. पण खरी हरकत वेगळी होती. फळ्यावरचं हत्यार मागणारा माणूस मला आपलं काम सांगतो. कातरपक्कड मागितली म्हणजे तार कापायची आहे. हे चौदाकामी हत्यार मागणारा काहीच सांगत नाही. ते खिशात मावतं, शेजाऱ्यालाही दिसत नाही. ज्याला आपलं काम लपवायचं आहे त्याच्यासाठीच ते बनवलंय, असं मला वाटलं. तरी मी सहा नग ठेवून घेतले, कारण बाजारात दुसऱ्या दुकानदाराने ठेवले होते. यात अभिमानाचं काही नाही.

प्रत्येक कामाला वेगळं हत्यार, या माझ्या विचाराला मात्र एक माणूस दरवर्षी ठेच लावून जातो. एटापल्लीकडचे एक म्हातारे, वर्षातून एकदा धानोऱ्याला मुलीकडे येतात आणि माझ्याकडून बिनदांड्याचं कुऱ्हाडीचं पातं नेतात. दांडा स्वतः घालतात. त्यांच्या घरी हत्यार म्हणून तेवढंच. एकदा म्हटलं, "बाबा, एवढ्या एका कुऱ्हाडीवर सगळं भागतं?"

"कुऱ्हाड एकच काम करते, बाई. बाकीचं मी करतो."

आता मूळ गोष्टीवर येते.

धानोऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर एका गावात दोन भाऊ आहेत. थोरले किसनभाऊ, धाकटा मधुकर. वाटण्या झालेल्या, शेतं लागून. दोघंही माझे जुने गिऱ्हाईक, पण तेव्हा दोघांकडेही झटका मशीन नव्हतं. एका हंगामात, धान पोटरीतून बाहेर पडत होता तेव्हा, मधुकर दुकानात आला. फळ्याकडे बघून म्हणाला, "बाई, ते लाल मुठीची पक्कड द्या."

"कशासाठी?"

"असंच. घरी असावी."

लाल मुठीची पक्कड घरी असंच कुणी ठेवत नाही. झटका मशीन नाही, शेत जंगलाला लागून, शेतावरून विजेची तार गेलेली, धान पिकतोय, आणि माणूस डोळ्याला डोळा भिडवत नाही. मी मनातल्या मनात त्याच्यावर आरोपपत्र तयार केलं.

"संपली," मी म्हटलं.

"ते काय, लटकून राह्यली ना."

"ती दुसऱ्याची आहे."

त्याने काचेखाली बोट दाखवलं. "मंग हे द्या. खिशात राहते ना हे?"

मी ते चौदाकामी हत्यार त्याला देऊन टाकलं. माझा हिशेब असा होता की उघड्या लोखंडाची मूठ हातात घेऊन विजेच्या जवळ जायची हिंमत कुणी करणार नाही. लाल मूठ दिली नाही म्हणजे आकडा टाकणं अवघड केलं. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

तीनेक आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, साडेअकराच्या सुमारास किसनभाऊ आले. गर्दी होती. ते कोपऱ्यात उभे राहिले आणि गर्दी ओसरल्यावर पुढे आले. खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी काउंटरवर तारेचे चार-पाच तुकडे ठेवले. बोटाएवढे, बारीक बांधणीच्या तारेचे.

"बाई, तुमी लोखंडाच्या जानकार. हे कोन्या पकडीनं कापलं, सांगा."

"कशासाठी?"

"माहं कुंपण कोनीतरी तोडून राह्यलं. दुपारी तोडते, मी सांजेले पाहतो तं चार जागी तुटलेलं. मी जोडतो, दोन दिवसानं पुन्हा. डुक्कर काही पक्कड घेऊन येत नाई."

"कसलं कुंपण?"

"साधं."

एवढ्या बारीक उघड्या तारेचं साधं कुंपण नसतं. तिने कोंबडीही अडत नाही. मी तुकडे उजेडात धरले. कातरपक्कड तार दोन्ही बाजूंनी सारखी चावते, टोक छपराच्या आढ्यासारखं होतं. या तुकड्यांची टोकं एका बाजूने दबलेली होती आणि दुसऱ्या बाजूला बारीक ओठ निघालेला होता. असा चावा माझ्या दुकानातलं एकच हत्यार घेतं. सहा नगांपैकी पाच काचेखाली होते.

म्हणजे आकडा टाकणारा मधुकर नव्हता. आकडा टाकणारे माझ्यासमोर उभे होते आणि मधुकर ती तार तोडत होता.

मी विचारलं, "कुणावर संशय आहे?"

"ज्याच्यावर असन त्याच्यावर असन. आता कळनच. पह्यले सांजेले लावत होतो नं सकाळी काढत होतो. आज निंगताना दिवसाचं चालूच ठेवून आलो. येऊ दे तोडनाऱ्याले."

"काय चालू ठेवून आलात?"

शेजारी एक बाई टोपली बघत होती, तिच्याकडे त्यांनी एक नजर टाकली. "तुमी पक्कड सांगा, बाई. बाकीचं माहं मी पाहतो."

दुकानात बसून मी पुष्कळ खोटं बोलते. संपली म्हणते, उद्या येईल म्हणते. इथेही बोलता आलं असतं. खरं सांगितलं तर दोन भावांचं घर फुटणार होतं. पण दिवस बाराकडे चालला होता आणि मधुकर दुपारी तोडतो, हे किसनभाऊच सांगत होते.

"हे मधुकरने कापलंय," मी म्हटलं. "पक्कड मीच विकलीय. सगळी लोखंडाची. मुठीवर काही नाही."

त्यांनी एक तुकडा उचलला, बघितला, परत ठेवला. मग खिशातून फोन काढला. मधुकरला लागला नाही; त्या गावाला अर्धा वेळ रेंज नसते. घरी बायकोला लावला, तोही लागला नाही.

"कायनं आले?" मी विचारलं.

"यष्टीनं."

मी टोपलीवाल्या बाईला बाहेर काढलं, शटर ओढलं, लाल मुठीची पक्कड आणि रबरी हातमोजे घेतले आणि त्यांना माझ्या मालाच्या गाडीत बसवलं. रस्त्यात किसनभाऊ एकच वाक्य बोलले. म्हणाले, "तो जेवल्याबिगर वावरात जात नाई." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. मला नाही, स्वतःला.

गाडी त्यांच्या धुऱ्यापर्यंत जाते. लांबून मधुकर दिसला. मोहाच्या झाडाखाली, तारेपासून पाच-सहा पावलांवर उकिडवा बसलेला, पाठ आमच्याकडे, मान खाली. हलत नव्हता. किसनभाऊ चालत्या गाडीतून उतरायला निघाले, मी हाताला धरून ओढलं. गाडी थांबवून मी ओरडले, "मधुकर, तारेला हात लावू नको."

त्याने मान वळवली. "कायनं लावू?" तो म्हणाला. "हे उघडूनच नाई राह्यली."

मांडीवर ते चौदाकामी हत्यार होतं, बाजूला तेलाची बाटली. बिजागरीत गाळ वाळून बसला होता. कितीतरी वेळ तो तेल सोडून, दगडावर आपटून ती उघडायचा प्रयत्न करत होता.

"बाई, तुमची पक्कड खराब निंगली," तो म्हणाला. मग माझ्यामागे किसनभाऊ दिसले आणि तो उभा राहिला.

किसनभाऊ त्याच्याकडे गेलेच नाहीत. सरळ खांबाकडे गेले, झुडपात लपवलेला वाळला बांबू काढला आणि आकडा खाली पाडला. मी हातमोजे घालून, लाल मुठीच्या पकडीने त्यांच्या तारेचा पहिला तुकडा वेगळा केला. मग किसनभाऊ धुऱ्यावर बसले.

"तूच होय?"

"मीच होय."

"काऊन?"

"वहिनी जाते ना इथूनच गवताले. माही बायको जाते. तुमाले दोनदा सांगतलं, भाऊ."

"तिसऱ्यांदा सांगाचं होतं," ते म्हणाले.

"तिसऱ्यांदा तुमी मारलं असतं."

"मारलं असतं," किसनभाऊ म्हणाले. "मारू द्याचं होतं."

मी तिथे फार थांबले नाही. किसनभाऊंना सांगितलं की तार आज संध्याकाळपर्यंत गुंडाळा. उद्या येऊन बघेन. हातभर जरी राहिली तर वायरमनला आणि फॉरेस्ट गार्डला मीच घेऊन येईन. "गुंडाळतो," ते म्हणाले. माणूस असं म्हणाला की मी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी गेले. गुंडाळली होती.

निघताना मधुकर गाडीपर्यंत आला.

"त्या दिवशी लाल मुठीची का दिली नाही, माहीत आहे?" मी विचारलं.

"तुमाले वाटलं मीच आकडा टाकतो."

"मग सांगितलं का नाहीस? मी विचारलं होतं, कशासाठी."

"भावाचं नाव कसं सांगू, बाई? तेही दुकानात, चार लोकांत."

त्याचं बरोबर होतं. माझ्या प्रश्नाला खोटं उत्तर देणारा प्रत्येक माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी विकलेला माल परत घेत नाही. तसं लिहूनच लावलंय. पण ती जाम झालेली पक्कड मी परत घेतली आणि लाल मुठीची त्याला दिली. तार तोडायला नाही, हेही बजावलं. तो म्हणाला, "आता कायले तोडू?"

यातून शहाणपण काढायचं तर माझी पंचाईत होते. मी त्याच्यावर विश्वास ठेवून योग्य हत्यार दिलं असतं तर ते जाम झालं नसतं. त्या दिवशी आम्ही रस्त्यात असतानाच त्याने तारेला पक्कड लावली असती. लाल मुठीने तो वाचला असता का? कदाचित. पण ओल्या बांधीत अनवाणी पायाने, अंगठ्याखाली आवरण किती जाड राहिलं असेल याच्या भरवशावर तार तोड, असं मी कुणाला सांगणार नाही. म्हणजे मी चुकीच्या माणसावर संशय घेतला, त्याला चुकीचं हत्यार दिलं आणि ते हत्यार मी म्हणते तसंच वाईट निघालं, म्हणून तो जिवंत आहे. वडिलांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, यात तुझं काय? आणि खरंच, माझं त्यात काही नाही. फार तर तारेचा चावा ओळखला, एवढं.

उरलेले पाच नग मी विक्रेत्याला परत केले. जाम झालेला फळ्यावर टांगला आहे, त्याच्याभोवती रंगाने आकारही काढला. गिऱ्हाईक विचारतं, हे कायले ठेवलं? मी सांगत नाही. फळ्याखालची मोकळी जागा मात्र मी आता वेगळ्या कामाला लावली आहे. तिथे एक स्टूल ठेवलंय. ज्याचं उत्तर पटत नाही त्याला तिथे बसवते आणि गर्दी गेल्यावर पुन्हा विचारते. कधी उत्तर बदलतं, कधी नाही. वेळ मात्र जातो.

पुढच्या हंगामाआधी दोघा भावांनी मिळून एक झटका मशीन घेतलं, दोन्ही शेतांना एकच वेढा. खड्डे त्यांनी खोदले, तार मी ताणून दिली. किसनभाऊ पेटीजवळ कान लावून बसले होते आणि टक मोजत होते. मधुकर गवताची काडी घेऊन तारेकडे निघाला, तेव्हा दोघांवरही मी एकदमच ओरडले.

आता त्या बाजूला माझं काम वर्षातून तीन-चारदा निघतं. धान पिकायच्या दिवसांत काम नसलं तरी काढते. सांगून जात नाही. खांबाजवळ गाडी हळू करते आणि वर बघते, तारेवर काही अडकलंय का. किसनभाऊ धुऱ्यावर असले तर त्यांना ते दिसतं. पहिल्या वर्षी ते मान फिरवायचे. आता तिथूनच हाक देतात, "पाहून घ्या, बाई, पाहून घ्या."

मी पाहून घेते. मग झुडपात बांबू आहे का, तेही पाहते.